यात्रेची रजा आणि पहिला मेमो

हंबीरराव निकमांच्या सर्व्हिस बुकात एकही मेमो नव्हता. तेहतीस वर्षांत एकही नाही. येरळाकाठ विद्यापीठात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण हंबीरराव ती सांगायचे. आणि वडूजपासून विट्यापर्यंतच्या झाडून सगळ्या पाहुण्यांना ठाऊक होती, कारण त्यांच्या पत्नी मंगलताई ती सांगायच्या. इस्लामपूरच्या व्याह्यांना तर मंगलताई दर सणाला ती नव्याने सांगत. व्याही कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि निवृत्त होताना त्यांच्या नावावर दोन मेमो होते. आता हे मंगलताईंना कुणी सांगितलं, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. लग्न जमवताना माणसं पत्रिका बघतात, मंगलताईंनी बाकीची कागदपत्रंही बघितली होती.

यातली खरी गंमत अशी, की हंबीरराव आस्थापना विभागाचे सहायक कुलसचिव होते, म्हणजे इतरांना मेमो काढणं हेच त्यांचं काम होतं. आजवर चारशे बारा मेमो त्यांनी स्वतः लिहून काढले होते. उशिरा येणाऱ्याला, लवकर जाणाऱ्याला, आणि एकदा तर वेळेवर येऊन वेळेवर गेलेल्या पण मधल्या वेळात कुठेच न सापडलेल्या एका ग्रंथपालालाही. मेमो लिहिताना त्यांना एकही शब्द खोडावा लागत नसे. रात्री झोपही छान लागे.

एकतीस मेला ते निवृत्त होणार होते. मंगलताईंनी जानेवारीतच कराडला जाऊन मानपत्र छापून घेतलं होतं. त्यात मधोमध 'निष्कलंक सेवा' हे दोन शब्द सोनेरी अक्षरांत होते. सोनेरी अक्षरांना जास्त दिवस लागतात, असं छापखानेवाल्याने सांगितल्यामुळे ही घाई. मानपत्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेलं होतं आणि हंबीररावांना आता फक्त साडेचार महिने काही न करता काढायचे होते. काही न करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

तेवढ्यात कुलगुरू दिल्लीला एका कार्यशाळेला गेले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता घेऊन परत आले.

पुढचं कळण्यासाठी या विद्यापीठाबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. हे विद्यापीठ सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी भांडून मिळवलं. भांडण कुणालाच जिंकता आलं नाही, म्हणून ते बरोबर हद्दीवरच्या माळावर बांधलं. पुढचं गेट साताऱ्यात, मागचं सांगलीत. हद्दीची रेघ कँटीनमधून जाते, त्यामुळे चहा साताऱ्यात उकळतो आणि सांगलीत प्यायला जातो. कुठलीही समिती नेमली की निम्मे सदस्य इकडचे, निम्मे तिकडचे. सदस्यसंख्या विषम झाली तर एक जण कमी करतात, मग तो अध्यक्ष का असेना.

तर कुलगुरूंनी बैठक बोलावली. "यंत्र आपण घ्यायचंच आहे," ते म्हणाले, "विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना ते चोवीस तास उत्तरं देईल. पण ते जबाबदारीने घ्यायचं आहे. देशभर आता हाच आग्रह आहे. मे महिन्यात मूल्यांकन समिती येणार, ती पहिला प्रश्न हाच विचारणार, की यंत्राची जबाबदारी कुणाची?"

जबाबदारी हा शब्द ऐकल्याबरोबर बावीस जणांनी टेबलावरच्या बिस्किटांकडे पाहिलं. हंबीररावांनीही पाहिलं. पण त्यांनी एक चूक केली. बिस्कीट उचललं. हालचाल दिसल्यामुळे कुलगुरूंची नजर तिकडे गेली.

"असा माणूस हवा," कुलगुरू म्हणाले, "ज्याच्या सर्व्हिस बुकावर एकही डाग नाही."

टाळ्या इतक्या जोरात वाजल्या की हंबीररावांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. तेहतीस वर्षं ज्या कोऱ्या पानांचा त्यांनी अभिमान बाळगला, त्याच पानांनी त्यांचा घात केला होता. त्या दिवसापासून ते 'जबाबदार अधिकारी, कृत्रिम बुद्धिमत्ता' झाले. याचा साध्या मराठीत अर्थ एवढाच, की यापुढे चूक यंत्र करणार होतं आणि मेमो हंबीररावांना मिळणार होता.

संध्याकाळी शेजारचे आप्पासो अंगणात आले. आप्पासो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे पलटणीतलं उत्तर तयार असे.

"लय सोपं हाय," ते म्हणाले. "नवा जवान आला की आमी त्येला एकट्याला कवा सोडला न्हाई. गेटवर संत्री. पास दाखिवल्याबिगर भायेर जायचं न्हाई. तुमी त्या मशीनला संत्री लावा."

"संत्री कोण?"

"तुमीच की! जवाबदार कोन? तुमी. मंग गेटवर बी तुमीच. खलास."

हंबीररावांना हे एकदम पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी परिपत्रक काढलं, की यंत्राने लिहिलेला कोणताही मजकूर जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीशिवाय विद्यापीठाबाहेर जाणार नाही. परिपत्रक उत्तम होतं. पुढे ते त्यांच्याच गळ्यात येणार होतं, पण परिपत्रक म्हणून उत्तम होतं.

आता यंत्र आलं, म्हणजे ते आलं कुठे, इथपासून गोंधळ सुरू झाला. भांडारातले भाऊसो रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन हजर झाले. विद्यापीठात खुर्चीपासून केराच्या बादलीपर्यंत प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते आणि वस्तूवर पांढऱ्या रंगात नंबर पडतो. नंबर पडला नाही तर ती वस्तू नाहीच, असं भाऊसोंचं मत होतं आणि ऑडिटचंही.

"वस्तू दावा," भाऊसो म्हणाले.

"अहो भाऊसो, ती वस्तू नाहीये," संगणक विभागाच्या क्रांती मॅडम म्हणाल्या. या मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या, आणि विद्यापीठात येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती, त्यामुळे अजून समजावून सांगायच्या. "ती कुठल्या तरी दूरच्या कंप्युटरवर असते. आपण फक्त वापरतो."

"दूर म्हंजी? मिरजला?"

"त्याहून दूर."

"मग मला थितं जाऊन नंबर टाकावा लागंल. प्रवासभत्त्याचा अर्ज देऊ का?"

दोन दिवस हा विषय चालला. संगणकावर नंबर टाकावा तर संगणकावर आधीच संगणकाचा नंबर होता. शेवटी भाऊसोंनीच तोड काढली. यंत्र ज्याच्या ताब्यात त्याच्या टेबलावर नंबर टाकायचा. आणि हंबीररावांच्या सागवानी टेबलाच्या दर्शनी भागावर ठसठशीत पांढरी अक्षरं उमटली: 'कृ.बु. १'. येणारा-जाणारा ती वाचायचा, मग टेबलामागे बसलेल्या हंबीररावांकडे पाहायचा आणि काहीतरी समजल्यासारखा निघून जायचा. हंबीररावांना हे आवडलं नाही. पण रंग ऑइलपेंट होता.

मग समिती बसली. सहा सदस्य, तीन साताऱ्याकडचे, तीन सांगलीकडचे. दिल्लीहून आणलेल्या नियमावलीत पहिलंच कलम होतं की यंत्राने पक्षपात करू नये. इतर विद्यापीठांत याचा काय अर्थ लावतात कोण जाणे, पण येरळाकाठ विद्यापीठात पक्षपाताचा एकच अर्थ होतो. समितीने यंत्राला पहिला परीक्षेचा प्रश्न टाकला: साताऱ्याचे कंदी पेढे चांगले की सांगलीचं भडंग?

यंत्राने लिहिलं, की आपला प्रश्न अतिशय उत्कृष्ट आहे, कंदी पेढे आणि भडंग या दोन्ही पदार्थांना आपापली थोर परंपरा आहे.

"पेढे आधी लिहिलंय," सांगलीकडचे म्हणाले.

प्रश्न उलटा करून विचारला. उत्तरात भडंग आधी आलं. आता साताऱ्याकडचे उठून उभे राहिले. तीन बैठका आणि बारा किलो भडंग-पेढे संपल्यावर असा ठराव झाला, की यंत्राने विषम तारखेला सातारा आधी लिहावं, सम तारखेला सांगली आधी, आणि एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख येत असल्याने त्या दिवशी साताऱ्याला सलग दोन दिवस मिळतात, याबाबत सांगलीचा निषेध नोंदवून घ्यावा. क्रांती मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि लिहून झाल्यावर थोडा वेळ कपाळ टेबलावर टेकवून बसल्या.

हंबीररावांच्या मनात मात्र वेगळंच घोळत होतं. 'आपला प्रश्न अतिशय उत्कृष्ट आहे.' तेहतीस वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. दार बंद करून त्यांनी एकदा स्वतः यंत्राला विचारून पाहिलं, की अर्धवेतनी रजा शिल्लक असताना परिवर्तित रजा किती मिळते. यंत्र म्हणालं, प्रश्न उत्कृष्ट आहे. उत्तर साफ चुकीचं होतं. पण हंबीरराव त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेले.

यंत्र चालू झालं. व्यवस्था अशी: विद्यार्थ्याने मोबाइलवर प्रश्न विचारायचा, यंत्राने क्षणात उत्तर लिहायचं, त्या उत्तराची छापील प्रत काढायची, तिला आवक नंबर द्यायचा, फाइल उघडायची, टिपणी ठेवायची, हंबीररावांनी सही करायची, जावक नंबर घालायचा आणि क्रांती मॅडमनी ते पुन्हा मोबाइलवर पाठवायचं. यंत्राला दोन सेकंद लागत. बाकीच्याला अकरा दिवस. दहिवडीच्या एका मुलाने विचारलं होतं, की उद्याचा पेपर किती वाजता आहे. त्याला रीतसर, जावक नंबरासह उत्तर मिळालं: सकाळी साडेदहा. पेपर होऊन दहा दिवस झाले होते. हंबीररावांचं म्हणणं, उत्तर बरोबर होतं की नाही ते सांगा.

मार्चअखेर फाइलींची चळत खिडकीच्या वर गेली तेव्हा कुलगुरूंनी बोलावलं. क्रांती मॅडमही होत्या. "एवढं अडवून कसं चालेल?" कुलगुरू म्हणाले. "साध्या प्रश्नांना तरी यंत्राला थेट उत्तर देऊ द्या."

"सर, विद्यापीठाचे नियम त्याला वाचायला दिले तर ते नियमांत बघूनच सांगेल," मॅडम म्हणाल्या. "फक्त आता लागू असलेली परिपत्रकंच द्या हं. जुनी, रद्द झालेली, बाजूला काढायची."

हंबीररावांनी मान हलवली. पण आस्थापना विभागात कागद बाजूला काढायची पद्धत नव्हती. तिथे कागद ठेवायची पद्धत होती. कुठला कागद कधी लागेल सांगता येत नाही, या एका विश्वासावर त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. त्यांनी स्थापनेपासूनचे सगळे गठ्ठे झटकून क्रांती मॅडमकडे पाठवले आणि वरच्या चिठ्ठीवर 'तपासून दिले' असं लिहून सही केली. तपासले म्हणजे मोजले होते. एकशे चौदा गठ्ठे होते. ते वाचून झाल्यावर साध्या प्रश्नांना यंत्र सहीशिवाय थेट उत्तर देऊ लागलं.

आणि चैत्र लागला.

या भागात चैत्र लागतो म्हणजे यात्रा लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची, परवा वाडीची, तेरवा वस्तीची. पालखी, सासनकाठ्या, कुस्त्या, रात्री तमाशा, आणि घरोघरी पाहुणे. मुंबईला माथाडीत असलेला माणूस यात्रेला येतो, सीमेवरचा जवान रजा काढून येतो. मग गावात वाढलेल्या पोराने विद्यापीठात बसून काय करायचं? औंधकडच्या एका मुलीने यंत्राला सहज विचारलं, आमच्या गावची यात्रा आहे, मला सुट्टी मिळेल का?

यंत्राने एकशे चौदा गठ्ठे चाळले. त्यात अठ्ठ्याण्णव सालचं एक परिपत्रक होतं, की ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त संबंधित गावच्या सेवकांना एक दिवसाची स्थानिक रजा मंजूर करण्यात येत आहे. ते फक्त शिपायांसाठी होतं, फक्त त्याच वर्षापुरतं होतं, आणि खाली सही होती हं. निकम. यंत्राने पोरीला लिहिलं: आपला प्रश्न अतिशय उत्कृष्ट आहे. आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त आपणांस रजा मंजूर करण्यात येत आहे. यात्रेच्या हार्दिक शुभेच्छा!

ही बातमी पसरायला परिपत्रकाची गरज पडली नाही. त्या आठवड्यात यंत्राने नव्वद गावांच्या यात्रा मंजूर केल्या. ज्या गावांत यात्रा नव्हती त्यांच्याही केल्या. पोरांनी मोबाइलवरची उत्तरं छापून घेऊन घरी नेली. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी चारशे दहापैकी बहात्तर मुलं हजर होती. बाहेरगावचे परीक्षक प्रयोगशाळेत बेडकांसारखे एकमेकांकडे पाहत बसले. भाऊसोही जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी गुलाल झटकत आले आणि त्यांनीही छापील पत्र पुढे केलं. "मंजूर हाय साहेब. शुभेच्छा बी दिल्यात."

यंत्राला त्याच दिवशी पुन्हा संत्री लागला. मग हंबीररावांनी कॅलेंडरवर दिवस मोजले. त्यांच्या निवृत्तीला बत्तीस दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी कुलगुरूंच्या कार्यालयातून एक फाइल आली. वर लाल फीत. हंबीररावांनी उघडली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. मेमो होता. त्यांच्या नावचा, पहिला.

पण वाचू लागल्यावर त्यांना घाबरावं की चिडावं हेच कळेना. कुलगुरूंच्या लघुलेखकाला आजवर मेमो हंबीररावच लिहून देत. यावेळी त्यांनाच कसं विचारायचं, म्हणून त्याने मेमो यंत्राकडून लिहून घेतला होता. 'आदरणीय हंबीररावजी, आपल्या प्रदीर्घ आणि प्रेरणादायी सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करून, आपणांस नम्रपणे विचारावेसे वाटते, की यात्रांच्या बाबतीत कदाचित काही त्रुटी राहून गेली असावी का?' हा मेमो होता की लग्नाची पत्रिका? चारशे बारा मेमो काढलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान काय असू शकतो!

फाइलच्या शेवटी एक चिठ्ठी होती: 'मजकूर यंत्राने तयार केलेला आहे. परिपत्रकानुसार जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीसाठी सादर.'

हंबीररावांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग भाऊसोंना हाक मारली. "भाऊसो, ह्या कागदावर मी सही नाही केली तर हा कागद कुठं जाईल?"

"कुटंच न्हाई जायचा, साहेब. तुमचंच परिपत्रक हाय."

"आणि मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला तर?"

"तर थितंच ऱ्हाईल. तीस दिवस काय, तीस वर्सं ऱ्हातोय हितं कागूद."

भाऊसो गेले. हंबीररावांनी ड्रॉवर उघडला. त्यांना मानपत्रातली सोनेरी अक्षरं दिसू लागली, इस्लामपूरचे व्याही दिसू लागले. मनातल्या मनात त्यांनी आप्पासोंचे आभार मानले. ड्रॉवरमध्ये फाइल अर्धी आत गेली असेल नसेल, तोच दारात क्रांती मॅडम आल्या. बरोबर एक बाई होती. नऊवारी, डोक्यावर पदर, पायांत जाड वहाणा, चेहरा उन्हाने रापलेला.

"सर, या हरणाबाई. आटपाडीकडून आल्यात. यांची राणी आपल्याकडे शेवटच्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकाला गैरहजर लागलीय."

हरणाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. रजा मंजूर, हार्दिक शुभेच्छा.

"आवं सायेब, माजी लेक परीक्षा बुडिवनारी न्हाई," त्या म्हणाल्या. "आमी मेंढरामागं फिरनारी मानसं. आटरा गावांच्या रानात बसून शिकलीय ती. यात्रंला न्हाई येत म्हनत व्हती. मंग म्हनली, आये, विद्यापीटानंच कागूद दिलाय, येते. आता म्हनत्यात वरीस गेलं. मंग ह्यो कागूद लबाड हाय का?"

हंबीररावांनी कागद उलटून पाहिला.

"पुन्हा परीक्षा घेता येते, सर," क्रांती मॅडम हळूच म्हणाल्या. "मी नियम पाहिला. पण विद्यापीठाच्या चुकीमुळे मुलं गैरहजर राहिली, असं कागदावर यायला हवं. नाहीतर तीनशे अडतीस जण नुसतेच गैरहजर. आजपर्यंत चूक झाल्याचं कुठेच नोंदलेलं नाही. मी सगळ्या फाइली शोधल्या."

चूक झाल्याची नोंद असलेला एकच कागद होता आणि तो हंबीररावांच्या ड्रॉवरमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर होता.

"मला सुट्टी नगं, मापी नगं," हरणाबाई म्हणाल्या. "चूक कुनाची ती तेवडी लिवून द्या. माजी न्हवं, पोरीची न्हवं, एवडं लिवा."

हंबीररावांना फार राग आला. कुणाचा ते कळेना. यंत्राचा म्हणावा तर त्याने जे दिलं ते वाचलं होतं. मॅडमचा म्हणावा तर त्यांनी जुनी परिपत्रकं काढायला सांगितली होती. आप्पासोंचा म्हणावा तर तो माणूस चांगला होता. 'तपासून दिले' ही अक्षरं त्यांची स्वतःची होती, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या सहीखालीही तेच नाव होतं. त्यांनी फाइल बाहेर ओढली, चष्मा पुसला आणि लाल पेन उघडलं.

'आदरणीय' खोडलं. 'प्रेरणादायी' खोडलं. 'कृतज्ञता' तर इतकी जोरात खोडली की कागद फाटायला आला. 'कदाचित काही त्रुटी राहून गेली असावी का' हे काढून त्या जागी लिहिलं: 'रद्द परिपत्रके न तपासता दिल्याने ३३८ विद्यार्थ्यांचे नुकसान झाले आहे.' आणि खाली, वळणदार अक्षरांत: 'तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही, असे गृहीत धरण्यात येईल.' मग जबाबदार अधिकारी म्हणून त्यांनी मेमोवर सही केली. तो स्वतःच स्वतःकडून स्वीकारल्याची पोच दिली. आणि तीन दिवस न थांबता तिथेच खुलासा लिहिला: 'चूक माझी आहे.'

चारशे तेरावा मेमो त्यांनी लिहिलेल्या सगळ्या मेमोंत उत्तम होता, आणि हे सांगायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं.

घरी सांगायला त्यांना दोन दिवस लागले. मंगलताई शेंगा निवडत होत्या. ऐकून त्यांनी हात थांबवला. साड्यांखालचं मानपत्र दोघांच्याही डोळ्यांपुढे आलं असणार.

"किती पोरं बसनार म्हणालात परत परीक्षेला?"

"तीनशे अडतीस."

मंगलताईंनी पुन्हा शेंगा निवडायला घेतल्या. "एका मेमोत तीनशे अडतीस. इस्लामपूरला इचारा की, दोन मेमोंत किती पोरं बसवली त्येंनी?"

हंबीररावांना हसू यावं की नाही कळेना, पण त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

मूल्यांकन समिती आली. तिने विचारलंच, जबाबदार वापराचा पुरावा काय? कुलगुरूंनी पेढ्यांचा ठराव दाखवला. समितीने तो दोनदा वाचला, चष्मे काढले, परत घातले आणि पुढचा कागद मागितला. पुढचा कागद मेमो होता. यंत्राची चूक ओळखून, स्वतःवर घेऊन, स्वतःच्याच सहीने लागलेला मेमो त्यांनी म्हणे कुठल्याच विद्यापीठात पाहिला नव्हता. त्याच्या चार प्रती काढून नेल्या. समिती गेल्यावर हंबीररावांनी कुलगुरूंना भीत भीत विचारलं, की आता काम झालंय, तर तो मेमो मागे घेता येईल का.

"मागे?" कुलगुरू दचकले. "अहो निकम, तोच तर आपला एकमेव पुरावा आहे!"

एकतीस मेला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, सोनेरी मानपत्र. 'निष्कलंक' शब्द आला तेव्हा कुलगुरूंना खोकला आला आणि त्यांनी तो शब्द खोकल्यातच उरकला. मंगलताई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या, शेजारी इस्लामपूरचे व्याही, आणि मागच्या रांगेतून आप्पासो सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

समारंभानंतर हंबीरराव टेबल शेवटचं आवरायला गेले तर दारात हरणाबाई. हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि कुंकवाचा करंडा.

"राणी बसली परीक्षेला. झ्याक गेला म्हनली पेपर," त्या म्हणाल्या. "त्या यंत्राला भेटाय आलीया. पोरीला यात्रंला बी सोडलं, आन परत परीक्षा बी दिली. कुटं असतंय ते?"

हंबीररावांनी इकडेतिकडे पाहिलं. क्रांती मॅडम कुठे दिसत नव्हत्या, आणि त्या असत्या तरी काय सांगणार होत्या? त्यांनी टेबलाकडे बोट केलं. 'कृ.बु. १'.

"ह्येच व्हय," हरणाबाई म्हणाल्या. त्यांनी करंड्यातलं कुंकू घेऊन त्या पांढऱ्या अक्षरांवर बोटभर ओढलं, नारळ टेबलावर ठेवला आणि हात जोडले. मग वळून हंबीररावांकडे पाहिलं. "तवा बी तुमी हितंच बसला व्हता. तुमचं काय काम असतं वो हितं, सायेब?"

हंबीररावांनी तेहतीस वर्षं एका वाक्यात बसवली.

"मी सही करतो," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. कुनीतरी पायजेच की त्येला," हरणाबाई म्हणाल्या आणि बस गाठायला निघून गेल्या.

मागे भाऊसो डेडस्टॉक रजिस्टर घेऊन उभेच होते. निवृत्त होणाऱ्याने ताब्यातल्या वस्तू परत द्याव्या लागतात आणि 'स्थिती' या रकान्यात शेरा पडतो. त्यांनी टेबलाला वाकून पाहिलं, बोटाने कुंकू पुसून बघितलं. ऑइलपेंटमध्ये ते चांगलंच धरलं होतं.

"साहेब, वस्तूवर डाग हाय. काय लिहू?"

हंबीररावांनी शाल खांद्यावर सावरली आणि पेन मागून घेतलं.

"लिहितो मी," ते म्हणाले. आणि त्यांनी लिहिलं: 'डाग एक. जबाबदार, हं. निकम.'